अक्का काय बोलली

माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. आग लागो त्या आवाजाला. पुतळ्याचं अनावरण असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर कुणाच्या पंच्याहत्तरीचा सत्कार, आमच्या भागात माईक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. मी जळगावात मेहरूणला राहतो, कॉलेजात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी सूत्रसंचालन करतो. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढे जे झालं ते याच तोंडानं झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझी एक मावसबहीण धुळ्याजवळ, पांझरेकाठच्या गावात राहते. बारा वर्षांनी मोठी. आई आजारी होती तेव्हा मी दोन वर्षं तिच्या घरी राहून शिकलो. तिनं मला भाकरी खाऊ घातली, मार दिला, आणि नापास झालो तेव्हा मास्तरशी भांडूनही आली. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणतो. दिवाळीपासून होळीपर्यंत ती जिनिंगमध्ये कामाला जाते. कापसाच्या ढिगावर बसायचं, कचरा आणि पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायची, टोपलं भरून यंत्राकडे न्यायचं. दाजी तिथेच हमाली करत. शेवटची काही वर्षं नुसते खोकत होते. डॉक्टरनं काही का सांगेना, अक्का म्हणते त्यांच्या छातीत कापूस बसला.

तिला दोन मुलगे. मोठा सैन्यात गेला. धाकटा धुळ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. जळालेल्या पंपातली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, असं ते काम. त्याचा हात फार चांगला. माझ्या घरचा कूलर त्यानं एकदा असा दुरुस्त करून दिला की अजून चालतोय.

गेल्या नाही, त्याच्या आदल्या वर्षी चैत्रात मोठा सीमेवर गेला. म्हणजे वारला. शहीद झाला असं म्हणायचं, मीच तसं म्हणालो, त्याची पेटी गावात आली तेव्हा माईक माझ्याच हातात होता. मी अर्धा तास बोललो. लोक ढसाढसा रडले. अक्का रडली नाही. ती पेटीवर हात ठेवून बसली होती, आणि मधेच माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आते बस कर." आता पुरे. मी दोन मिनिटांत आवरलं, पण मनातून जरा दुखावलोच. इतकं चांगलं जमून आलं होतं. बघा माणूस कसा असतो.

त्यानंतर वर्षभरात गावाचं वारं फिरलं. टीव्हीवर रोज युद्धाच्या गोष्टी. स्टुडिओत कोट घालून बसलेली माणसं बाह्या सरसावत होती, आणि आमच्याकडे पानटपरीवर त्यांचीच वाक्यं ऐकू येत होती. गावात एक निवृत्त हवालदार आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी शाळेमागच्या मैदानावर भरतीची तयारी सुरू केली. चुन्यानं धावपट्टी आखली, लांब उडीसाठी वाळू टाकली. नाना वाईट माणूस नाही. पोरं व्यसनापासून दूर राहतील, चार वर्षांची का होईना नोकरी लागेल, हा त्यांचा साधा हिशेब. पण त्यांची नजर अक्काच्या धाकट्यावर होती. शहिदाचा भाऊ मैदानात उतरला की बाकीची पोरं आपोआप येतील, असं ते उघड बोलायचे.

धाकट्याला जायचं नव्हतं. त्यानं आईला तसं सांगितलं होतं, "मी काय जावाव नही." मी जाणार नाही. पण हे घरात सांगणं वेगळं आणि गावात सांगणं वेगळं. केस कापायला गेला तरी न्हावी विचारायचा, "मग, तू कधी?" दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, लग्नात पंगतीला बसला की शेजारचा विचारायचा. पोरगं हसून वेळ मारून न्यायचं. हळूहळू त्यानं गावात येणंच कमी केलं.

वर्गात मी पोरांना सांगतो की आपल्या देशात सक्तीची भरती नाही, जो जातो तो स्वखुशीनं जातो. एकदा अक्कासमोर हेच बोललो. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "सक्ती नही कशी? जिनना मालकना पोऱ्या गया का? सरपंचना गया का? आमनाच कसाले जातस?" मालकाचा मुलगा गेला का, सरपंचाचा गेला का, मग आमचेच का जातात? मी म्हटलं, अक्का, तो विषय वेगळा. वेगळा कसा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग गेल्या वर्षी चैत्र आला. मोठ्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं, आणि गावानं ठरवलं की त्या दिवशी शाळेमागच्या मैदानावर मोठा कार्यक्रम करायचा. बाहेरून एक बडे पाहुणे येणार, वीरमातेचा सत्कार होणार, आणि त्याच मंचावरून भरतीच्या तुकडीची घोषणा. धाकट्याचं नाव यादीत पहिलं. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

जिनिंगचा हंगाम संपला होता, बाया घरीच होत्या. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी बिबडे घालतात. ज्वारीचं पीठ शिजवून घट्ट घाटा करायचा, त्यात तीळ, लसूण, जिरं घालायचं, आणि ओल्या लुगड्यावर हातानं गोल गोल थापून उन्हात वाळवायचं. पापडाचाच भाऊ, पण जाड आणि गावरान. हे काम एकटीनं होत नाही, गल्लीतल्या बाया मिळून एकेकीचं उरकतात. आणि वाळत घातलेलं ओलांडायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोराला बोलता यायच्या आधी कळतं. चप्पल घालून जवळून गेलं तरी म्हातारी ओरडते. अन्न आहे ते.

तर एके सकाळी नाना पोरं घेऊन मैदानावर आले आणि बघतात तो काय, चुन्याच्या रेषेपासून वाळूपर्यंत लुगडीच लुगडी. लाल, हिरवी, जांभळी. त्यावर पांढरे बिबडे. जिनिंगच्या वीस-बावीस बाया डोक्यावर पदर घेऊन कडेला बसलेल्या, हातात काठ्या, कावळे हाकायला. नाना म्हणाले, "हे काय चालवलंय?" एक म्हातारी म्हणाली, "दिखस नही का? बिबडा शेतस." दिसत नाही का, बिबडे आहेत.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. पोरं कडेनं उभी राहून हसायची आणि ओले बिबडे उचलून खायची, बाया खाऊ द्यायच्या. पण धावायचं कुठून? सरपंच येऊन ओरडला, पोलीसपाटील आला, मंडपवाला ट्रक घेऊन आला आणि तासभर उभा राहून परत गेला. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. चार दिवसांनी अक्कानं सगळ्यांसमोर कारण सांगितलं: आमचं एकही पोरगं या यादीत नको, आणि लढाई पाहिजे असं आमच्या नावानं कुणी बोलायचं नाही. भले शाबास! हे मी आज म्हणतो. त्या वेळी माझा फोन वाजला आणि पलीकडून सरपंच म्हणाला, "सर, बहीण तुमची आहे, तुम्हीच समजवा. पाहुण्यांसमोर गावाची अब्रू जाईल." मी म्हटलं, काळजी करू नका, मी बघतो.

पारोळामार्गे बस धरून मी दुपारी गावात उतरलो तो थेट मैदानावर गेलो. अक्का निंबाच्या सावलीत बसली होती. तिनं मला अर्धवट वाळलेला बिबडा आणि मूठभर शेंगदाणे दिले. मी खात खात समजवायला लागलो. म्हटलं, लोक काय म्हणतील, टीव्हीवाले येणार, देशाविरुद्ध आहे म्हणतील. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की तिला कुणाशी भांडायचं नाही. तिला फक्त त्या मोठ्या पाहुण्याला एकदा सांगायचं आहे. तो बाहेरचा, त्याला आपली अहिराणी समजणार नाही. आणि तिला पुस्तकी मराठी येत नाही.

"तू शिकेल शे. तुले दोन्ही बोली येतस," ती म्हणाली. "मी आपली बोलीमा बोलसू, तू त्याले समजाडी सांग. तू सांगशी ना, मग आम्ही बठ्ठ्या बाया बिबडा उचली लेतस."

म्हणजे ती अहिराणीत बोलणार, मी पाहुण्याला मराठीत समजावून सांगणार, आणि माझ्या त्या शब्दावर सगळ्या बाया मैदान मोकळं करणार. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "मास्तर शे, खोटं थोडंच बोलाव शे." मी म्हटलं, अक्का, तुझी शपथ. संध्याकाळपर्यंत त्यांनी लुगड्यांना मागून पाण्याचा हात लावून बिबडे सोडवले आणि टोपल्यात भरून घरी नेले. दुसऱ्या सकाळी मंडप उभा राहिला. सरपंचानं माझी पाठ थोपटली, आणि मला, खोटं का बोलू, बरं वाटलं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. नंतर दोन-तीन जणांना मी सांगितलं की मंचावर माझा गोंधळ उडाला, तोंडून काहीतरी निघून गेलं. साफ खोटं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेच्या ऑफिसात बसून कार्डं लिहीत होतो. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार. "वीरमातेचं मनोगत" या कार्डाखाली मी एक वाक्य लिहिलं. ती अजून बोललीही नव्हती आणि माझा अनुवाद तयार होता. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, कुठे थांबायचं तेही ठरवलं.

का लिहिलं? भ्यालो. पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर माझ्या तोंडून "लढाई नको" हे गेलं तर कॉलेजात काय होईल, पुढे कोण बोलावेल, कुणी व्हिडिओ काढून काय लिहील. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं अधिक वाईट आहे. त्या वाक्याला टाळ्या पडणार हे मला माहीत होतं.

कार्यक्रमाला अख्खी पंचक्रोशी लोटली. अक्काला पुढे बसवलं, खांद्यावर शाल, हातात नारळ. धाकट्याला धुळ्याहून खास बोलावून आणलं होतं, तो खाली दुसऱ्या रांगेत. जिनिंगच्या बाया सगळ्यात मागे, मंडपाच्या कनातीला टेकून. मी नाव पुकारलं तशी अक्का उठली. माईक तिच्या तोंडापुढे मीच धरला. ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली:

"मना एक आंडोर गया. दुसरा मी देवाव नही. ज्यासले लढाई पाहिजे त्या आपला घरना पोऱ्या धाडोत. आम्ही बठ्ठ्या बाया हाईच सांगतस. लढाई नको."

माझा एक मुलगा गेला, दुसरा मी देणार नाही. ज्यांना लढाई हवी त्यांनी आपल्या घरची पोरं पाठवावीत. आम्ही सगळ्या बाया हेच सांगतो, लढाई नको. इतकं सोपं होतं. पाचवीच्या पोरानं केलं असतं हे भाषांतर.

पाहुणे हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळले, बाई काय म्हणाल्या? अक्काही माझ्याकडे वळली. मी माईक माझ्याकडे घेतला, खर्जात आवाज लावला आणि म्हणालो, "माननीय पाहुणे, ही माउली म्हणते आहे, माझा एक मुलगा मी देशाला दिला... आणि वेळ आली तर दुसराही देईन!"

समोर बसलेल्या हजारभर माणसांतल्या नव्वद टक्क्यांच्या घरांत अहिराणी बोलतात. त्या सगळ्यांना तिचं वाक्य समजलं होतं, आणि माझंही. मग पाहुण्यांनी टाळी वाजवली, सरपंचानं वाजवली, आणि पुढून मागे टाळ्या पसरत गेल्या. घोषणा सुरू झाल्या. मागच्या बाया तेवढ्या हात बांधून उभ्या होत्या. अक्का काहीतरी म्हणाली, पण माईक माझ्याकडे होता.

पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, "कुठे आहे तो दुसरा वाघ?" नानांनी धाकट्याला धरून मंचावर आणलं, पाहुण्यांनी त्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. पोरानं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी करीन अशी त्याची शेवटपर्यंत आशा होती. पाहुण्यांनी विचारलं, "जाणार ना?" तो म्हणाला, "हो." मी माईक त्याच्याजवळ नेला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझं वाक्य अक्काच्या नावानं छापून आलं. फोनवर माझ्या तेवढ्याच वाक्याची क्लिप फिरली. धाकट्याचा फॉर्म नानांनी स्वतः भरला. तो धावला, पास झाला आणि दिवाळीनंतर गेला. निघताना मी धुळ्याच्या स्टँडवर गेलो होतो. पाया पडून म्हणाला, "मामा, आईकडे लक्ष द्या." गाडी हलल्यावर मी अक्काजवळ गेलो. तोंडातल्या तोंडात पुटपुटलो की शेवटी त्यानं स्वतःच हो म्हटलं ना. कार्यक्रमापासून ती मला एक शब्द बोलली नव्हती, तेव्हा बोलली. "तो ल्हान शे भाऊ. त्याले नही म्हणता उनं नही. तुले येत व्हतं." त्याला नाही म्हणता आलं नाही, तुला येत होतं. आणि ती बायांबरोबर गावाच्या गाडीकडे निघून गेली. मी स्टँडवर चहा घेतला आणि जळगावची बस धरली.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी माझी लाज माझ्यापाशी ठेवली असती. पण गेल्या महिन्यात जिनिंगमधल्या दोन बाया माझ्या घरी आल्या. गावाहून जळगावपर्यंत, पत्ता विचारत विचारत मेहरूणमध्ये. बायकोनं पाणी दिलं, चहा केला. त्यातल्या एकीला एकुलता एक मुलगा आहे, दुसरीला तीन. त्यांनी सांगितलं की नानांची यंदाची यादी होते आहे, आणि जी बाई नको म्हणते तिला गाव एकच ऐकवतं: अक्कानं दुसरासुद्धा द्यायला काढला, मंचावर बोलली, तुला एक जड झाला का? अक्का सांगते की मी तसं बोललेच नव्हते. लोक म्हणतात, पेपरात आहे, व्हिडिओत आहे. ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं तेसुद्धा असंच म्हणतात.

"तुम्ही या," एकुलत्यावाली म्हणाली. तिच्यापरीनं ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी. "परवा पुन्हा कार्यक्रम आहे. तुम्ही फक्त सांगा, अक्का काय बोलली. भाषण नको. तेवढंच सांगा."

मी म्हटलं, बघतो. कळवतो. त्या उठल्या. जाताना तिनं पिशवीतून ढोबळी मिरची काढून बायकोच्या हातात दिली, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून.

त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजला. अक्का होती.

"भाऊ, येस का?"

"अक्का, पेपर तपासायचं काम आहे गं. गठ्ठे पडलेत. सोडतच नाहीत." बायको समोर भाजी निवडत होती. तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. पेपर तपासून देऊन मला आठ दिवस झाले होते.

पलीकडून गलका ऐकू येत होता, बायांचा असावा. त्या तिथेच उभ्या असतील, फोनकडे कान लावून. मग अक्का त्यांना म्हणाली, "येत नही तो." आणि मला म्हणाली, "बरं. तब्येत सांभाळ."

त्या एकुलत्याचं नाव यादीत गेलं. हे मला सरपंचानं फोन करून सांगितलं, पुढच्या कार्यक्रमाची तारीख देताना. मी तारीख लिहून घेतली.